तुमची वेळ : सव्वातीन

४ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल असं धरून चालते, कारण तू नेहमी ‘बरी आहे’ एवढंच लिहितेस आणि त्यातून काहीच कळत नाही.

दादाच्या महापौरपदाच्या प्रचाराचा शुभारंभ रविवारी झाला. शुभ किती आणि आरंभ किती, ते तूच ठरव. हॉलमध्ये खुर्च्या पाचशे आणि दादा सोडून माणसं सतरा. अंदाजाने लिहीत नाही, मोजली आहेत. वहिनी, वहिनीचा भाऊ आणि मी, माइकवाला, खुर्च्या मांडणारे दोघे, एक वार्ताहर आणि त्याचा फोटोग्राफर, दादाच्या दातांच्या दवाखान्यातले तीन पेशंट, सावली बघून आत शिरलेले दोघे, हॉलचं स्वच्छतागृह कधी रिकामं होतंय याची वाट बघणारा एक. उरलेले तिघे सध्याच्या महापौरांनी पाठवले होते, सभा किती पडते ते बघायला. सगळ्यात मन लावून ऐकलं ते त्यांनीच.

दादा पंचावन्न मिनिटं बोलला. ‘या अफाट जनसमुदायाला साक्षी ठेवून’ असं वाक्य त्याने घरून लिहून आणलं होतं. मला वाटलं, तेवढं गाळेल. पण दादा कागदावरचं गाळत नाही. ते वाक्य आलं तेव्हा स्वच्छतागृहवाल्याने मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली ओळ : ‘डॉक्टरांच्या सभेला खुर्च्यांची भरगच्च उपस्थिती.’

कारणं काय म्हणशील, तर भरपूर आहेत. ऊन होतं. टीव्हीवर मॅच होती. आणि घोषणा. प्रचाराची सूत्रं वहिनीच्या भावाकडे आहेत. फरशांच्या दुकानात बसून त्याने घोषणा काढली, ‘कीड मुळापासून काढू’. वर दादाचा मास्क लावलेला फोटो, हातात चिमटा. लोक ते पोस्टर बघतात आणि नकळत गालावर हात ठेवतात. रविवारी सभेआधी दिवसभर त्याने दादाला उघड्या जीपमधून गल्लोगल्ली फिरवलं. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. दादा बंद खिडक्यांना हात हलवत होता. संध्याकाळी घरी आल्यावर दादा त्याला एवढंच म्हणाला, ‘‘उद्यापासून तुम्ही आपलं दुकान बघा.’’ तेव्हापासून वहिनी दादाशी बोलत नाही.

दादा म्हणतो, अर्ज मागे घेतो. १७ तारखेपर्यंत मुदत आहे. सतरा माणसांसाठी सतरा तारीख, हिशोब बरोबर आहे म्हणतो.

माझ्याकडे दोनच कामं होती. आमंत्रणाची कार्डं लिहायची आणि हॉलच्या दारात वही घेऊन बसायचं. दोन्ही नीट पार पडली.

तुझी,
धाकटी

*

७ मार्च

चि. मिनिटकाटा,

अनेक आशीर्वाद. फोन का केला नाही म्हणून विचारू नकोस. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. शिवाय फोनवर तू ‘हो ना, हो ना’ करत निसटतेस, कागदावर सापडतेस.

दादाची सभा पडली याचं मला फारसं नवल वाटलं नाही. त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचं तोंड उघडं असतं, पण बोलतो फक्त तो. एकोणतीस वर्षं असं चाललं की माणसाला वाटणारच, आपलं बोलणं लोक आ वासून ऐकतात. मास्क आणि चिमटा मात्र कहर आहे. वहिनीच्या भावाने फरशाच विकाव्यात, त्याला घसरगुंडीची चांगली जाण आहे.

पण मला एक कोडं पडलंय. तू पाठवलेलं आमंत्रणाचं कार्ड माझ्यासमोर आहे. छापील मजकूर : ‘हॉल सकाळी नऊपासून खुला. पाच वाजता डॉक्टरांचं भाषण.’ त्याखाली तुझ्या अक्षरात, तुझ्या त्या नेहमीच्या हिरव्या शाईत : ‘तुमची वेळ : सव्वातीन.’

कसली वेळ? मी काय दाढ दाखवायला येणार होते? मला वाटलं, थोरल्या बहिणीला घ्यायला स्टेशनवर कोणी येणार असेल, त्याची ही वेळ. तुझी वही हाताशी असेलच, तेव्हा बघून सांग. बाकीच्यांच्या कार्डांवर काय लिहिलं होतंस?

गुडघा बरा आहे.

ताई

*

१० मार्च

प्रिय ताई,

तू विचारलंस, तर सांगते.

मला दादाने सांगितलं होतं, ‘‘आपल्या जवळच्या चारशे-साडेचारशे पेशंटना बोलव, गर्दी जमली पाहिजे.’’ तुला धरून मी चारशेवीस निवडले. ताई, आपल्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं वेळा देते. बाहेरच्या बाकावर एका वेळी दोनाहून जास्त माणसं कधी बसलेली नाहीत. कोणाला दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलेलं नाही. गर्दी म्हणजे माझ्या लेखी कोणाची तरी चूक. कार्डं लिहायला बसले आणि हात आपोआप चालला. नऊ ते पाच, दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी सोडून, दर पाच मिनिटांना पाचजण. चौऱ्याऐंशी वेळा झाल्या. चारशेवीस बरोब्बर बसले. एकही माणूस उरला नाही, एकही वेळ रिकामी राहिली नाही. त्या रात्री मी समाधानाने झोपले, हेही लिहून टाकते.

भाषण पाचला आहे हे कार्डावर छापलं होतं. मला वाटलं, लोक आपापल्या वेळी येऊन हजेरी लावतील आणि पाचला परत येतील. पण आपल्या पेशंटना मीच सवय लावली आहे ना. दिलेल्या वेळेला आलात तर ठीक, नाही तर पुढची वेळ सहा आठवड्यांनी.

ते आले, ताई. तीनशे अकराजण आले. मिनिटाच्या ठोक्याला आले. वहीत प्रत्येकापुढे खूण आहे. खुर्चीवर बसले, पाच मिनिटं समोरच्या रिकाम्या स्टेजकडे पाहिलं, उठले. एक पेन्शनर म्हणाले, ‘‘खाऊन आलो तर चालतं ना?’’ एका बाईंनी जाताना विचारलं, ‘‘आता पुढची कधी?’’ शिंप्याची बायको आपली कवळी काढून रुमालात गुंडाळून आली होती. दुपारी सुट्टीत मी हॉलचं दार लावून घेतलं. बाहेर एकाने वाजवलं, तर मी आतून सांगितलं, दोन वाजता उघडेल.

रस्त्यात चिटपाखरू का नव्हतं तेही आता कळलं असेल. दादा ज्यांच्या खिडक्यांना हात हलवत होता ते सगळे हॉलकडे येत होते नाही तर हॉलकडून जात होते.

पाचला पाच कमी असताना ज्यांची वेळ होती त्या पाचांपैकी तिघे आले. दादाला जे तीन पेशंट दिसले ते हेच.

हे मी दादाला सांगितलेलं नाही. सांगून काय होणार आहे? त्याने मनाशी ठरवलंय. पेशंटशी बोलत नाही, नुसता दात काढतो. काल एकजण म्हणाला, ‘‘डॉक्टर, आज सुईपेक्षा शांततेचीच भीती वाटली.’’ आता त्याला सांगायचं की तुझी सभा तुझ्याच बहिणीने पाच-पाच मिनिटांत वाटून टाकली? आधीच दुखतंय, त्यात आणखी कशाला टोचायचं.

सवयीची चूक होती. बाकी काही नाही.

धाकटी

*

१२ मार्च

चि. मिनिटकाटा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. कवळी रुमालात आणणाऱ्या बाईला माझा नमस्कार सांग. शिस्त म्हणजे काय ते तिला कळलंय.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

कार्डं लिहिताना हात आपोआप चालला, हे मी मानते. पण तू सकाळी नऊपासून दारात बसली होतीस. अकरापर्यंत शंभरेक माणसं येऊन गेलेली तू पाहिलीस. तू काही बावळट नाहीस. आपल्या तिघांत खरी हुशार तूच, आणि म्हणूनच बाबा तुला जास्त बोलायचे. मग त्यातल्या एकालाही ‘पाचपर्यंत थांबा’ असं का नाही म्हणालीस?

आता मी एक सांगते. दादाने फेब्रुवारीत मला पत्र लिहिलं होतं. निवडून आलो तर दवाखाना बंद करणार, धाकटीला सांगायचं धाडस होत नाही, असं त्यात होतं. तुला माहीत नाही असं तो समजतो. मीही तसंच समजत होते. तुझी शेवटची ओळ वाचून आता तसं समजत नाही. ‘बाकी काही नाही’ असं माणूस उगाच लिहीत नाही.

१७ तारखेला तो अर्ज मागे घेणार. शहराला आपण नकोत असं समजून घेणार. आणि फरशीवाला बिचारा आयुष्यभर ‘सभा बुडवणारा’ म्हणून ओळखला जाणार. तुझ्या वहीत तीनशे अकरा खुणा आहेत. त्या कोणाच्या मालकीच्या आहेत, त्याचा विचार कर.

ताई

*

१८ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र १४ ला मिळालं. १५ ला मी उत्तर लिहिलं आणि फाडलं, कारण त्यात मी तीन ठिकाणी स्वतःला माफ केलं होतं. हे दुसरं.

मला माहीत होतं. फेब्रुवारीत एक माणूस दवाखान्यात आला आणि पेशंटच्या खुर्चीची मापं घेऊन गेला. मला म्हणाला, डॉक्टरांनी विकायची म्हणून बघायला सांगितलंय. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि तो गेल्यावर वहीत लिहिलं : ‘एक जण, वेळ न घेता.’ दादाला काही बोलले नाही. तो मला सांगेल म्हणून वाट बघत बसले. त्याने सांगितलं नाही. त्या रागावर मी त्याच्या सभेची कार्डं लिहायला बसले. तेव्हा हात आपोआप चालला की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आधी वाटायचं, हो. आता वाटतं, माणूस आपला हात नेमका हवा तेव्हाच आपोआप सोडतो.

पण अकरा वाजून दहा मिनिटांचं मी शपथेवर सांगू शकते. कुलपं दुरुस्त करणारे काका आले होते. त्यांची पाच मिनिटं झाली. उठताना म्हणाले, ‘‘बाई, डॉक्टर पाचला बोलणार ना? मग थांबतो की मी, काही काम नाही मला.’’ आणि मी म्हटलं, ‘‘नको, तुमची वेळ झाली.’’

तेव्हा मला सगळं कळलं होतं, ताई. संध्याकाळी हॉल कसा दिसणार ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. जाताना काका म्हणाले, ‘‘बरोबर आहे, मागचे खोळंबतील.’’ मागे कोणी नव्हतं.

काल, १७ ला, दादाने अर्ज मागे घ्यायचा कागद लिहून टेबलावर ठेवला होता. दुपारी तीनच्या आत निवडणूक कार्यालयात जायचं होतं. मी सव्वादोनच्या पेशंटला फोन करून सांगितलं, उद्या या. एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा कोणाची वेळ काढून घेतली. ती स्वतःला दिली.

आत गेले तर दादा पेशंटच्या खुर्चीत आडवा पडला होता, वरच्या दिव्याकडे बघत. म्हणाला, ‘‘कोण आहे?’’ मी म्हटलं, ‘‘मी आहे. सव्वादोनची.’’ आणि हत्यारांच्या ट्रेमध्ये वही ठेवली.

सगळं सांगितलं. कुलूपवाल्या काकांचंही. दादा मला बघतच नव्हता. बोट ठेवून एकेक नाव वाचत होता. मध्येच थांबून म्हणाला, ‘‘हे मुख्याध्यापक सव्वाबाराला आले होते? ते तर मला तोंडावर म्हणाले होते, येणार नाही म्हणून.’’

‘‘दोन मिनिटं आधी आले.’’

‘‘आणि ही? हिचा तर मी चुकीचा दात काढला होता.’’

‘‘मुलालाही घेऊन आली होती. त्याला वेळ नव्हती, म्हणून बाहेर उभा केला.’’

दादाने वही मिटली. म्हणाला, ‘‘खुर्चीचं तुला कधीपासून माहीत आहे?’’ मी तारीख सांगितली. तो म्हणाला, ‘‘मग दोघंही सारखेच. मी तोंड उघडलं नाही, तू लोकांना बसू दिलं नाहीस.’’ मी रडेन असं मला वाटलं होतं, पण त्याने खुर्चीचा खटका दाबला आणि तो हळूहळू सरळ होत वर आला. त्या यंत्राच्या घरघरीत कोणाला रडता येणार?

उभं राहून त्याने विचारलं, ‘‘मतदान किती ते किती आहे?’’

‘‘सात ते पाच.’’

‘‘दहा तास. जेवणाची सुट्टी नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मग दे वेळा,’’ दादा म्हणाला. ‘‘सगळ्यांना दे. चारशेवीस नाही, आख्खं रजिस्टर.’’ आणि टेबलावरच्या कागदाने त्याने चष्मा पुसला.

म्हणजे बघ, ताई. शिक्षा म्हणून त्याने मला काम दिलं. दवाखाना बंद करण्याचं काम, माझ्याच अक्षरात, दोन हजार आठशे कार्डं.

संध्याकाळी मी फरशांच्या दुकानात गेले. वहिनीच्या भावाला सगळं सांगितलं, माफी मागितली. तो पंधरा दिवसांत वाळला आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘म्हणजे घोषणा चांगली होती?’’ मी फरशांचे नमुने बघू लागले. सगळंच खरं बोलायची एका दिवसात सवय होत नाही.

धाकटी

*

२१ मार्च

चि. मिनिटकाटा,

दादा ओरडेल असं मला वाटलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी बाबांचं घड्याळ तू उघडून बघितलंस तेव्हा ओरडला होता तसा. मी दादाला ओळखते असं समजत होते. एक दाढ कमी केली त्या समजुतीतून.

शिक्षा म्हणतेस ती मला शिक्षा वाटत नाही, पण ते तू ठरव. एक मात्र लक्षात ठेव. दादाने तुला वेळा द्यायला सांगितल्या आहेत, मत द्यायला सांगितलेलं नाही. आत पडद्यामागे कोणाच्या हातात वही नसते.

बोटं दुखली की शेकत जा. कार्डं एकटी लिहू नकोस. तुझी वहिनी आता बोलते ना? तिला बसव जोडीला.

ताई

*

८ एप्रिल

प्रिय ताई,

दादा निवडून आला. एकशे नव्वद मतांनी. पेपरात आलंच असेल, पण पेपरात जे आलं नाही ते लिहिते.

रविवारी मतदानाच्या दिवशी एकाही केंद्रावर आपल्या माणसांची रांग नव्हती. दर पाच मिनिटांना काहीजण यायचे, मत द्यायचे, जायचे. महापौरांची माणसं बाहेर मांडव टाकून बसली होती. त्यांचे लोक ट्रकमधून एकदम यायचे, घोषणा, गोंधळ, धक्काबुक्की. अर्धे रांग बघून चहाला जायचे ते परत यायचेच नाहीत. दुपारी बाराला त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, ‘‘काय बाई, तुमच्याकडे आजही खुर्च्याच का?’’ मार्चमध्ये मन लावून भाषण ऐकणाऱ्या तिघांपैकीच तो. मी म्हटलं, ‘‘हो ना.’’ दोन वाजता त्यांनी हार मागवले.

वहिनी माझ्याबरोबर पंधरा दिवस कार्डं लिहीत होती. तिचं अक्षर वाईट आहे. चाळीसेक माणसांना कार्डावरचा ७ आणि १ यातला फरक कळला नाही, ते दोनदा आले. दुसऱ्यांदा केंद्रावरच्यांनी त्यांची बोटं बघून परत पाठवलं.

कुलूपवाले काका सकाळी नऊला आले. माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी म्हटलं, ‘‘काका, मत देऊन झालं ना? मग थांबा थोडा वेळ. बसा इथे.’’ ते म्हणाले, ‘‘वेळ झाली की माझी.’’ मी म्हटलं, ‘‘असू दे.’’ ते पाऊण तास बसले. मला वाटतं, एकोणीस वर्षांत माझ्याजवळ इतका वेळ कोणी बसलं नव्हतं.

माझी स्वतःची वेळ मी चार चाळीसची ठेवली होती. साडेचारला केंद्राच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. चार चाळीस झाले. उठले नाही. पावणेपाच. मनात काय होतं ते तुला खरं सांगते. मोजत होते. ही खुर्ची, ही वही, सकाळी कुलूप उघडल्यावर येणारा तो लवंगेच्या तेलाचा वास, आणि त्याच्या विरुद्ध एक मत. माझ्या एका मताने काही होणार नाही, हे मला कळत होतं. म्हणूनच तर त्याचा खरा अर्थ फक्त मलाच लागणार होता. तू लिहिलंस ना, आत कोणाच्या हातात वही नसते. माझ्या हातात होती, ताई. सवयीने घेऊन गेले होते.

चार अठ्ठावन्नला आत गेले. अधिकारी म्हणाला, ‘‘अगदी शेवटी आलात बाई.’’ दादाला मत दिलं. बाहेर येऊन वहीत माझ्या नावापुढे खूण केली आणि शेजारी लिहिलं : ‘अठरा मिनिटं उशीर.’ असा शेरा मी आजवर फक्त पेशंटच्या नावापुढे लिहिला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याच्याविषयी माझं मत थोडं वाईट झालं आहे.

काल निकाल लागला. रात्री नको, लोकांची झोप मोडेल, म्हणून दादाने मिरवणूक दिवसाउजेडी संपवली. आज सकाळी त्याने खुर्ची विकली. नेणारे आले तेव्हा आम्ही दोघं दारात उभे होतो. खुर्ची आडवी होऊन दारातून बाहेर गेली, जशी माणसं तिच्यात आडवी व्हायची तशी.

मग दादा म्हणाला, ‘‘महापौरांच्या कार्यालयात बाहेर रोज सत्तर माणसं बसलेली असतात. आधीच्यांनी कोणालाच वेळ दिली नव्हती. सकाळी येतात, संध्याकाळी जातात. कधीपासून येतेस?’’

मी म्हटलं, ‘‘वही बघून सांगते.’’

तुझी,
धाकटी